वऱ्हाडातले गड (लेखांक ११) : कोणता गाविलगड बांधायचा?

या आठवड्यात गाविलगडावरच्या तळ्यांबद्दल लिहिणार होतो. पण शेलूबाजारच्या एका शिक्षकांचं पत्र आलं आणि तळी पुढच्या लेखांकावर गेली. सर मुलांना घेऊन कारंजा, मूर्तिजापूर, परतवाडा करत चिखलदऱ्याला गेले होते. तिथल्या गाविलगडाचा ढासळलेला तट पाहून एका मुलीनं विचारलं, "सर, हा पुन्हा बांधत का नाहीत?"

मी त्या प्रश्नाला प्रश्नच जोडतो. बांधायचा, पण कोणता गाविलगड?

इतिहासकार फिरिश्ता सांगतो की बहमनी सुलतान अहमदशहा वलीनं १४२५ च्या सुमारास गड उभारला. नाव मात्र गवळ्यांचं, म्हणजे त्याआधीही इथं वस्ती असावी. १४८८ मध्ये फतहुल्ला इमादउल्मुल्कनं गडाची मोठी दुरुस्ती केली. हा विजयनगरच्या मुलखातला कानडी मुलगा, लहानपणी कैद होऊन वऱ्हाडात आला आणि पुढे इमादशाहीचा संस्थापक झाला. गडावर हत्तींना पकडणारा दुतोंडी गंडभेरुंड कोरलेला आहे. तो पाहताना मला दर वेळी कर्नाटकातली देवळं आठवतात. १५७७ मध्ये निजामशाहीच्या बहरामखानानं बुरूज बांधला. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांच्या फौजांनी नागपूरकर भोसल्यांकडून गड घेतला. त्यासाठी स्टीव्हन्सननं डोंगरातून तोफा ओढून उत्तरेला आणल्या आणि तटाला खिंडार पाडलं. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. १८५८ मध्ये तात्या टोपे येतील या धास्तीनं इंग्रजांनी इथं पहारा बसवला आणि नंतर तटबंदी निकामी केली.

खिंडार बुजवलं तर १८०३ पुसलं जातं. बहरामखानाचा बुरूज तेवढा नवा केला, तर फतहुल्लाचं काम जुनं आणि उपरं दिसू लागतं.

पडका किल्ला पुन्हा बांधला की काय होतं, याचं एक उदाहरण पाहा. जर्मनीत फ्रँकफुर्टजवळ जालबुर्ग नावाचा रोमन किल्ला आहे. सुमारे पाचशे सैनिकांचं ते ठाणं. सम्राट दुसऱ्या विल्हेल्मच्या आश्रयानं १८९७ ते १९०७ या काळात तो जुन्या पायांवर पुन्हा उभारला गेला. आज तिथं संग्रहालय आहे आणि रोमन ठाणं कसं होतं ते पोरांना एका फेरीत कळतं. पण पुढच्या अभ्यासात चुका उघड झाल्या. तटावरच्या चऱ्या फार जवळजवळ बसवल्या आहेत. भिंती उघड्या दगडाच्या ठेवल्या. रोमनांनी मात्र त्यांना पांढरा गिलावा करून वर सांध्यांच्या रेषा रंगवल्या होत्या. त्या किल्ल्यात रोमन काळाइतकंच विल्हेल्मचं जर्मनी दिसतं.

म्हणून माझं मत पक्कं आहे. गाविलगड नव्यानं बांधू नये, आहे तो धरून ठेवावा. तटात रुजलेले पिंपळ कोवळे असतानाच काढावेत, सुटलेला चिरा त्याच जागी बसवावा, सांधे चुन्यानंच भरावेत. सिमेंट ओल कोंडून ठेवतं आणि शेजारचा जुना दगड झिजवतं.

सर, पुढच्या वेळी मुलांना त्या पडक्या तटाशीच नेऊन उभं करा. कोणता थर कोणाचा, ते त्यांना शोधू द्या.