डीएनएतले फेरीवाले

दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारात रविवारी गेलात, तर एक गंमत पाहायला मिळेल. कपड्यांचे गाठोडे घेतलेला पटरीवाला आज एका दुकानापुढे बसतो, उद्या दुसऱ्या. कुणाची वाट अडते, तर कुणाकडे त्याच्यामुळे गिऱ्हाईक वाढते. कधी तर जुन्या जागी भावाला बसवून तो स्वतः पुढे सरकतो!

आपल्या पेशींतल्या डीएनएमध्येही असे फिरते तुकडे असतात. अमेरिकेच्या बार्बरा मॅक्लिंटॉक यांना ते मक्याच्या रंगीत दाण्यांचा अभ्यास करताना सापडले. बराच काळ त्यांच्या म्हणण्याकडे कुणी फारसे लक्ष दिले नाही. १९८३ मध्ये नोबेल मिळाले, तेव्हा बाईंचे वय होते ८१! माणसाच्या डीएनएचा जवळजवळ निम्मा भाग अशाच तुकड्यांचा आहे, मात्र त्यातले बहुतेक आता जागचे हलत नाहीत.

असा तुकडा एखाद्या जनुकाशेजारी येऊन बसला, की ते जनुक बंद पडते किंवा जास्त जोमाने काम करू लागते. बहुधा तोटाच होतो, पण क्वचित फायदाही. इंग्लंडमधला एक पतंग कारखान्यांच्या धुराच्या काळात काळा झाला, तो अशाच एका तुकड्यामुळे, हे २०१६ मध्ये सिद्ध झाले.

खोल समुद्रातल्या काही प्राण्यांतही हे तुकडे वाढलेले आढळतात. तिथल्या जगण्याला त्यांचा हातभार लागला असावा, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. आणि जगणे तरी कसले! मॉरिशसच्या आग्नेयेला, हिंद महासागरात सुमारे २,४०० मीटर खोलीवर तळातून कढत पाण्याचे झरे उसळतात. अंधार मिट्ट, दाब आपल्या हवेच्या २४० पट. तिथे २००१ मध्ये एक गोगलगाय सापडली. तिच्या पायावर खवले, खवल्यांवर लोह-गंधकाचा मुलामा! अंगातले जिवाणूच तिला पोसतात. २०२० मध्ये तिचा डीएनए वाचला गेला, तेव्हा कळले की चिलखताची जनुके नवी नाहीत. जुनीच, फक्त वापर निराळा.

२०१९ मध्ये ही गोगलगाय धोक्यात असल्याची आंतरराष्ट्रीय नोंद झाली. कारण झऱ्यांभोवती तांबे, जस्त साचते आणि माणसाला ते हवे आहे. तेव्हा माहीत असलेल्या तिच्या तीन ठिकाणांपैकी दोन खनिज-शोधाच्या परवान्यांत आली होती.

हिंद महासागराखालच्या याच पर्वतरांगांत २०१६ मध्ये भारतालाही १०,००० चौरस किलोमीटरचा करार मिळाला. त्याचे कामकाज पाहणारे पृथ्वी विज्ञान मंत्रालय लोधी रोडला, सरोजिनी नगरपासून फार दूर नाही. तांबे देशाला लागणारच, पण गोगलगायीला गाठोडे उचलून पळता येत नाही. सुदैवाने पंधरा वर्षांचा हा करार फक्त शोधाचा आहे. खोदायचे झाल्यास परवानगी वेगळी घ्यावी लागेल.