‘जरा हेवी औषध द्या, डॉक्टर!’

मांडीवर केसतूड उठते, दोन दिवसांत सुपारीएवढे होते आणि रात्रभर ठणकते. सकाळी दवाखान्यात पहिलीच मागणी होते : ‘जरा हेवी औषध द्या, डॉक्टर, चार दिवसांनी घरात लग्न आहे.’

अशा गळवांमागे बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस (थोडक्यात ‘स्टॅफ’) हा जिवाणू असतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो द्राक्षांच्या घडासारखा दिसतो, म्हणून पहिले नाव. त्याच्या वसाहती सोनेरी वाढतात, म्हणून दुसरे. साध्या रांजणवाडीपासून हाडातला पू, न्यूमोनिया आणि हृदयाच्या झडपांच्या संसर्गापर्यंत त्याची मजल जाते. तो कोणत्या औषधाला दबेल हे कळायला दोन-तीन दिवस लागतात, औषध मात्र अनेकदा आजच सुरू करावे लागते. या मधल्या दिवसांतली निवड म्हणजे अंदाज असतो, पण तो हवेतला नसतो. तो कसा बांधतात हे ठाऊक नसल्यानेच पुढचे गैरसमज पिकतात.

गैरसमज १ : गळू आले की अँटिबायोटिक हवेच.

वस्तुस्थिती : पू साठलेल्या गळवाचा मुख्य इलाज म्हणजे चिरा देऊन निचरा करणे. पुवाच्या पोकळीला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे रक्तातून येणारे औषध आत पुरेसे पोचत नाही. छोटा फोड नुसत्या शेकानेही फुटून बरा होऊ शकतो. निचऱ्याला गोळ्यांची जोड दिली तर बरे होण्याचे प्रमाण काहीसे वाढते, असे चाचण्यांत दिसले आहे. ताप, पसरत जाणारी लाली, एकाहून अधिक गळवे, मधुमेह किंवा दुबळी प्रतिकारशक्ती असेल तर ती जोड टाळू नये. नाक आणि वरच्या ओठाभोवतीचे गळू घरी कधीच पिळू नका; तिथल्या शिरांचा मेंदूजवळच्या शिरांशी थेट संबंध असतो.

गैरसमज २ : त्वचा लाल होऊन सुजली म्हणजे स्टॅफच.

वस्तुस्थिती : पू असेल तर संशय स्टॅफवर. पू नसताना पाय लाल, गरम होऊन सुजला असेल, तर दोषी बहुधा स्ट्रेप्टोकोकस असतो. म्हणून डॉक्टर आधी बोटाने चाचपून पाहतात, आत काही हलते का. सेफॅलेक्सिनसारखे औषध स्ट्रेप्टोकोकस आणि साधा स्टॅफ या दोघांनाही चालते.

गैरसमज ३ : घरात अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या उरल्या आहेत, त्याच घेऊ.

वस्तुस्थिती : १९२८ मध्ये लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या ज्या बशीवर बुरशी पडली आणि पेनिसिलिन सापडले, त्या बशीत वाढत होता तो स्टॅफिलोकोकसच. पण पेनिसिलिन सर्रास वापरात आल्यावर काही वर्षांतच त्याला मोडून टाकणारे विकर बनवणारे स्टॅफ रुग्णालयांत पसरले. आज बहुसंख्य स्टॅफ ते बनवतात, त्यामुळे पेनिसिलिनच्याच कुळातले अमॉक्सिसिलिन नुसते दिले तर त्यांच्यापुढे टिकत नाही. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडची जोड या विकराला रोखते. क्लॉक्सॅसिलिनची तर घडणच अशी आहे की हे विकर त्याला सहसा मोडू शकत नाही.

याच घडणीचे मेथिसिलिन आले आणि १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये त्यालाही न जुमानणारा स्टॅफ आढळला : एमआरएसए. त्याने औषध मोडण्याऐवजी, औषध ज्या प्रथिनाला चिकटते त्याचा पर्यायच तयार ठेवला. त्यामुळे क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडची जोड इथे निरुपयोगी ठरते.

गैरसमज ४ : नव्या पिढीचे, महागडे औषध जास्त ताकदवान.

वस्तुस्थिती : ‘हेवी’ची मागणी इथेच फसते. सेफॅलोस्पोरिनच्या ‘पिढ्या’ म्हणजे ताकदीच्या चढत्या पायऱ्या नव्हेत. प्रत्येक पिढीचा मारा वेगळ्या जिवाणूंवर असतो. आपल्याकडे ताप-खोकल्यालाही लिहिले जाणारे सेफिक्झिम तिसऱ्या पिढीचे, पण स्टॅफवर अगदीच लंगडे. पहिल्या पिढीतले सेफॅझोलिन मात्र साध्या, म्हणजे एमआरएसए नसलेल्या, स्टॅफवरच्या सर्वोत्तम औषधांपैकी एक आहे. व्हॅन्कोमायसिनचेही तसेच. एमआरएसएसाठी ते आधारस्तंभ. पण क्लॉक्सॅसिलिनला दबणाऱ्या स्टॅफवर ते हळू काम करते आणि रक्तातल्या संसर्गात त्याचे निकाल सेफॅझोलिनपेक्षा कमी प्रतीचे येतात.

गैरसमज ५ : एमआरएसए फक्त मोठ्या हॉस्पिटलात मिळतो.

वस्तुस्थिती : तो घराघरांतही फिरतो. साधारण तीनपैकी एका निरोगी माणसाच्या नाकात स्टॅफ निमूटपणे राहतो, आणि त्यातला काही एमआरएसए असू शकतो. पण नाकात असणे म्हणजे आजार नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत मोठ्या रुग्णालयांतल्या स्टॅफपैकी सुमारे ४० टक्के किंवा त्याहून अधिक एमआरएसए आढळले आहेत. म्हणून डॉक्टर विचारतात : अलीकडे ॲडमिट होतात का, डायलिसिस चालू आहे का, पूर्वी असा रिपोर्ट आला होता का? संशय बळकट असेल तर डॉक्सिसायक्लीन किंवा को-ट्रायमोक्साझोलसारख्या जुन्या, स्वस्त गोळ्याही कामी येतात. लिनेझोलिड मात्र सहज वापरू नये; औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगातही त्याचीच गरज पडते.

गैरसमज ६ : तीन दिवसांनी औषध बदलले, म्हणजे डॉक्टर आधी चुकले.

वस्तुस्थिती : उलट, बदल हा उपचाराचाच भाग आहे. गंभीर रुग्णात पहिल्या डोसाआधी रक्त कल्चरला घेतात, मग थांबत नाहीत. त्या घडीला साधा स्टॅफ आणि एमआरएसए या दोन्ही शक्यता झाकायच्या असतात, म्हणून कधी व्हॅन्कोमायसिनसोबत सेफॅझोलिन किंवा क्लॉक्सॅसिलिनही देतात. साध्या स्टॅफचा रिपोर्ट आला की व्हॅन्कोमायसिन थांबवायचे. हे माघार घेणे नव्हे, नेम धरणे आहे. स्टॅफ रक्तात सापडला तर कल्चर पुन्हा करतात, हृदयाची सोनोग्राफी करतात आणि ताप उतरला तरी किमान दोन आठवडे शिरेतून औषध चालवतात.

लग्नघरच्या त्या पेशंटला कदाचित चिरा, ड्रेसिंग आणि साध्या गोळ्या पुरतील. पू निघाला तर थोडा कापसाच्या काडीवर घेऊन लॅबला जाईल. तेव्हा ‘हेवी द्या’ म्हणण्याऐवजी त्याने एवढेच विचारावे : ‘रिपोर्ट कधी येईल, आणि तोवरचे औषध त्यानंतर बदलावे लागेल का?’