कचेरीची जागा आणि लोकांची वाट

एखाद्या शहरास नवी कचेरी बांधावयाची झाली म्हणजे तिची इमारत किती मजल्यांची असावी, दर्शनी भागास कोणता दगड लावावा, सभागृहांत किती आसनें मावावीं, या प्रश्नांची चर्चा मोठ्या उत्साहानें होते. जागेचा प्रश्न निघाला तर ती स्वस्त आहे कीं महाग, सरकारी आहे कीं खासगी, एवढेंच बहुधा पाहिलें जातें. परंतु ज्यांच्याकरितां ही कचेरी उभी राहावयाची ते लोक तेथें कोणत्या रस्त्यानें, कोणत्या वाहनानें व किती वेळांत येणार, हा प्रश्न पुष्कळदां इमारत पुरी झाल्यावर कोणाच्या तरी ध्यानांत येतो. त्या वेळीं उपाय फारसा उरलेला नसतो; कारण चुकीची भिंत पाडून पुन्हा बांधतां येते, पण चुकीची जागा उचलून दुसरीकडे नेतां येत नाहीं. म्हणून जागा ठरविण्यापूर्वींच रहदारीच्या दृष्टीनें तिची परीक्षा कशी करावी, हें या लेखांत थोडक्यांत सांगावयाचें आहे.

प्रथम, कचेरींत कोण येतें याचा विचार करूं. वरिष्ठ अधिकारी मोटारींतून येतात. त्यांची संख्या थोडी असते व त्यांच्या गाड्यांसाठीं फाटकाच्या आंत जागा राखलेली असते. कारकून व शिपाई रोज ठराविक वेळीं येतात. त्यांस वाट पाठ झालेली असते. सर्वांत मोठा वर्ग तिसराच आहे. जन्ममृत्यूचा दाखला मागावयास आलेला मनुष्य, घरपट्टीची तक्रार घेऊन आलेली विधवा, दुकानाचा परवाना काढावयास आलेला लहान व्यापारी, निवृत्तिवेतनाचे कागद सांभाळीत आलेला वृद्ध, असे हे लोक वर्षांतून एकदोनदांच येतात. त्यांस ना वाट ठाऊक, ना कोणती खिडकी कोठें आहे तें ठाऊक. त्यांतील पुष्कळांचा त्या दिवसाचा रोजगार बुडालेला असतो. आणि काम अपुरें राहिलें तर दुसऱ्या दिवसाचाहि बुडतो. कचेरी भलत्या ठिकाणीं बांधल्याचा दंड सर्वांत अधिक भरतो तो हा वर्ग. पण जागा निवडणाऱ्या मंडळींत त्याच्या बाजूनें बोलणारा क्वचितच असतो.

हा दंड किती होतो, तें अंकगणितानें पाहूं. अशी कल्पना करा कीं, एका कचेरींत रोज २,००० लोक कामाकरितां येतात. शहराबाहेरची स्वस्त जागा घेतल्यामुळें प्रत्येकास जातांना अर्धा तास व परततांना अर्धा तास अधिक लागला, तर रोज २,००० तास वाटेंत खर्च झाले. आठ तासांचा एक कामाचा दिवस धरल्यास हे २५० दिवस होतात. वर्षांतून ३०० दिवस कचेरी उघडी राहिली, तर ७५,००० दिवसांची मेहनत केवळ वाटेवर सांडली! जमीन स्वस्त मिळाल्यानें वांचणारा पैसा एकदांच वांचतो. वाटेचा खर्च मात्र रोज होतो, आणि तो नगरपालिकेच्या जमाखर्चाच्या वहींत कोठेंहि लिहिला जात नाहीं. या विषयांतील मुख्य गोष्ट हीच आहे; बाकीच्या सर्व गोष्टी हिच्यांतूनच निघतात.

आतां मुंबई शहराचें उदाहरण घेऊं. कारण सोयीच्या व गैरसोयीच्या अशा दोन्ही प्रकारच्या जागा तेथें पाहावयास मिळतात. मुंबई महानगरपालिकेच्या मुख्य इमारतीची कोनशिला १८८४ सालीं लॉर्ड रिपन यांनीं बसविली व इमारत १८९३ सालीं पुरी झाली. तिचे शिल्पकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनींच तिच्या समोरचें व्हिक्टोरिया टर्मिनस हें स्थानक बांधलें होतें. त्यासच १९९६ सालीं छत्रपति शिवाजी महाराजांचें नांव देण्यांत आलें. आगगाडींतून उतरलेला मनुष्य रस्ता ओलांडतो न ओलांडतो तोंच महापालिकेच्या दाराशीं पोहोंचतो. शहरांत १८७४ पासून घोड्यांची ट्राम होती, १९०७ पासून विजेची ट्राम आली व १९२६ पासून मोटार-बस धांवूं लागली. त्या काळच्या शहराचा विस्तार ध्यानांत घेतला, तर इतकी सोयीची जागा क्वचितच मिळते असें म्हणावें लागेल.

परंतु कचेरी जागच्या जागीं राहिली तरी शहर जागच्या जागीं राहत नाहीं. १९५० सालीं महापालिकेची हद्द उपनगरांत पसरली, आणि १९५७ सालीं दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली. दहिसरच्या रहिवाशास मुख्य कचेरी तीस किलोमीटरांहून अधिक दूर पडूं लागली. यावर उपाय म्हणून महापालिकेचीं बरींच रोजचीं कामें निरनिराळ्या विभागांच्या कचेऱ्यांतून होतात. पाण्याची तक्रार किंवा जन्माची नोंद यासाठीं शहराच्या दुसऱ्या टोकास जाण्याचें कारण राहत नाहीं. यावरून जागेच्या परीक्षेंतील पहिलाच प्रश्न निघतो: सर्व लोकांस एकाच ठिकाणीं बोलावण्याची खरोखर गरज आहे काय? ज्या कामासाठीं मनुष्यास यावेंच लागत नाहीं, त्या कामाची रहदारीहि होत नाहीं.

दुसरें उदाहरण राज्याच्या मुख्य कचेरीचें. आज मंत्रालय म्हणून ओळखली जाणारी इमारत १९५५ सालीं बॅकबेच्या भरावाच्या जमिनीवर, म्हणजे मुंबई बेटाच्या दक्षिण टोकाजवळ उभी राहिली. पुढें तिच्या आसपास नरिमन पॉइंटच्या उंच कचेऱ्या झाल्या. वस्ती मात्र उत्तरेकडे वाढत गेली. परिणाम असा झाला कीं, सकाळीं दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवावयास जागा नसे, आणि त्याच गाड्या उत्तरेकडे परततांना पुष्कळशा रिकाम्या जात. सायंकाळीं याच्या उलट. रेल्वेनें दोन्ही दिशांस सारख्याच गाड्या चालवाव्या, पण उपयोग एकाच दिशेचा व्हावा, हें एका टोकास कचेऱ्या दाटल्याचें फळ होय. कचेरी वस्तीच्या मध्यावर असेल तर दोन्ही बाजूंनीं लोक येतात, आणि तेच रूळ व तेच रस्ते जवळजवळ दुप्पट उपयोगी पडतात.

ही अडचण ओळखून चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनीं १९६५ सालीं खाडीपलीकडे नवें शहर वसविण्याची योजना मांडली. त्यासाठीं १९७० सालीं सिडको ही संस्था स्थापन झाली. सरकारची मुख्य कचेरीहि नव्या मुंबईंत येईल अशी योजनाकारांची अपेक्षा होती. ती पुरी झाली नाहीं. खाडीवरचा रस्त्याचा पूल लवकर झाला, पण आगगाडी वाशीस पोहोंचावयास १९९२ साल व बेलापुरास पोहोंचावयास १९९३ साल उजाडलें. नव्या शहराची वाढ इतकीं वर्षें मंद राहण्याचें हें एक मोठें कारण होतें. याच बेलापुरांतील कोंकण भवन या विभागीय कचेरीचें उदाहरण आणखी एक गोष्ट शिकवितें. दक्षिण मुंबईच्या मनुष्यास ती दूर वाटते. पण रत्नागिरी व सिंधुदुर्गाकडून पनवेलमार्गें येणाऱ्यास ती मुंबईपेक्षां पुष्कळ अलीकडे लागते. तेव्हां ‘जवळ’ आणि ‘दूर’ हे शब्द जागेचे गुण नव्हेत. कोणापासून जवळ, हें सांगितल्याशिवाय त्यांस अर्थच नाहीं.

तिसरें उदाहरण वांद्रे-कुर्ला संकुलाचें. नकाशावर पाहिलें तर ही जागा दोन रेल्वेमार्गांच्या मध्यें, शहराच्या जवळजवळ मध्यभागीं आहे. तेथें कुटुंब न्यायालयासारखी सामान्य जनांस लागणारी संस्थाहि आहे. परंतु वांद्रे व कुर्ला हीं दोन्ही स्थानकें तेथून पायीं जाण्यास सोयीचीं नाहींत. अनेक वर्षें लोकांस स्थानकाबाहेर बससाठीं किंवा रिक्षासाठीं रांगा लावाव्या लागल्या. २०२४ सालीं भुयारी मेट्रोचें स्थानक उघडलें, तेव्हां कोठें ही उणीव कांहीं अंशीं भरून निघाली. प्रवासाचा शेवटचा मैलच पुष्कळदां सर्वांत महाग पडतो, हें यावरून दिसून येईल.

वरील उदाहरणांवरून परीक्षेचे मुद्दे सहज मांडतां येतात. पहिला मुद्दा, लोक कोठून येतात. शहराच्या नकाशावर येणाऱ्यांच्या वस्त्या ठिपक्यांनीं दाखविल्या, तर ठिपक्यांची दाटी कोणीकडे आहे तें एका दृष्टिक्षेपांत समजतें. दुसरा मुद्दा, ते कशानें येतात. बस किंवा आगगाडीपासून कचेरीच्या दारापर्यंत वृद्ध मनुष्यास किती वेळ चालावें लागेल, वाटेंत पदपथ सलग आहे काय, पावसाळ्यांत पाणी सांचतें काय, रस्ता कोठें ओलांडावा लागतो, हें स्वतः चालून पाहिलें पाहिजे. तिसरा मुद्दा, कोणत्या वेळीं येतात. कचेरी, शाळा व बाजार हीं तिन्ही एकाच रस्त्यावर एकाच घटकेस भरत असतील, तर रुंद रस्ताहि अपुरा पडतो.

चौथा मुद्दा, रस्त्याचें सामर्थ्य. यासाठीं केवळ वाहनें मोजून भागत नाहीं. प्रत्येक वाहन रस्ता किती अडवितें तेंहि मोजावें लागतें. १९३४ सालीं स्थापन झालेल्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या ग्रामीण रस्त्यांच्या कोष्टकांत एका मोटारीचें माप १ धरलें, तर सायकलीचें अर्धें, बसचें ३, हातगाडीचें ३ व मोठ्या बैलगाडीचें ८ येतें. शहरांतील रस्त्यांसाठीं आंकडे थोडे निराळे आहेत, पण तत्त्व तेंच. आतां पाहा: एक बस तीन मोटारींइतकी जागा घेते, पण पन्नास माणसें आणते; तीन मोटारी बहुधा पांचसहा माणसेंच आणतात. म्हणून मोटारी ठेवण्याच्या मैदानापेक्षां दाराजवळचा बसचा थांबा अधिक मोलाचा होय.

पांचवा मुद्दा, फाटकाचा. आपल्याकडे वाहनें रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालतात. त्यामुळें उजवीकडे वळून आंत शिरणाऱ्या गाडीस समोरून येणारीं वाहनें जाईपर्यंत थांबावें लागतें, आणि तिच्या मागें सारा रस्ता तुंबतो. फाटक चौकाच्या अगदीं तोंडाशीं असेल तर चौकहि तुंबतो. यास्तव तें चौकापासून दूर, शक्य तर बाजूच्या रस्त्यावर असावें; गाड्यांची रांग आंतल्या आवारांत मावावी; पायीं येणाऱ्यांस निराळें दार असावें; आणि आगीचा बंब व रुग्णवाहिका यांची वाट सदैव मोकळी राहावी. सहावा व शेवटचा मुद्दा, पुढील तीस-चाळीस वर्षांचा. शहर कोणत्या दिशेस वाढत आहे याचा विचार न करतां निवडलेली जागा नातवंडांच्या काळीं आडवाटेस पडते.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. मध्यवर्ती जागा सर्व बाबतींत उत्तमच असते असें नाहीं. जुन्या पेठेंतील अरुंद गल्लीच्या तोंडाशीं बांधलेली कचेरी सर्वांस जवळ असूनहि सर्वांस दुर्गम होऊं शकते. थोडी बाहेरची, पण दोन चांगले रस्ते व बसचा मार्ग असलेली जागा अशा वेळीं अधिक बरी. वर सांगितलेले सर्व मुद्दे एकत्र तोलून पाहणें, हीच खरी परीक्षा होय.

विद्यार्थिमित्रहो, ही परीक्षा केवळ इंजिनियरांनींच करावी असें नाहीं. आपल्या शिक्षकांच्या देखरेखीखालीं, रस्त्यापासून दूर एखाद्या सुरक्षित ओट्यावर बसून, सकाळीं दहा ते अकरा या वेळांत आपल्या गांवच्या कचेरीसमोरून जाणारीं वाहनें व पायीं जाणारीं माणसें पंधरा पंधरा मिनिटांचे रकाने आंखून मोजा. वरील मापांनीं त्यांचा हिशेब करा. नंतर आपल्या घरच्या वडील मंडळींस विचारा कीं, मागें कचेरींत गेलां तेव्हां घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत किती वेळ गेला, आणि त्यांतला प्रत्यक्ष कामाला किती लागला. हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं लिहिले म्हणजे या लेखांतील सारा विषय आपोआप समजेल. उद्यां आपल्यापैकीं कोणी नगरसेवक होईल, कोणी इंजिनियर, कोणी केवळ करदाता नागरिक, पण नव्या कचेरीच्या जागेची गोष्ट निघेल तेव्हां, “येथें पायीं येणारा मनुष्य कोणत्या वाटेनें येईल?” हा एक प्रश्न विचारण्यास त्यानें चुकूं नये. तेवढ्या एका प्रश्नानें पुढील पिढ्यांतील हजारों गरिबांचे कष्ट वांचतील.