जगभर चालणारा एकच रेडिओ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्रवासाच्या बॅगेत एका कोपऱ्यात मावेल आणि कुठल्याही देशात उतरलं की तिथली स्टेशनं लावेल असा एकच रेडिओ हवा, ही रेडिओप्रेमींची जुनी मागणी. ‘वर्ल्ड रिसीव्हर’ असं छापलेले खोके बाजारात मिळतातही. पण तेवढ्या दोन शब्दांवर भिस्त ठेवून खरेदी केली, तर पहिल्याच परक्या शहरात निराशा पदरी पडू शकते. म्हणून काही समज आधीच तपासून घेतलेले बरे.

गैरसमज : एफएम सगळीकडे सारखंच.

वस्तुस्थिती : भारतासह बहुतेक देशांत एफएमचा पट्टा ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ असतो. जपानमध्ये तो ७६ ते ९५ आहे. टोकियोत ‘टोकियो एफएम’ लागतं ८० वर आणि एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेचं एफएम ८२.५ वर. मुंबईत घेतलेल्या साध्या ट्रान्झिस्टरचा काटा तिथवर पोचतच नाही. ९० च्या पुढची मोजकी स्टेशनं मात्र त्यावर लागतात आणि घोटाळा तिथेच होतो. रेडिओ तर चालतोय, मग या शहरात स्टेशनंच कमी असावीत, असा ऐकणाऱ्याचा ग्रह होतो. ७६ पासून १०८ पर्यंतचा पट्टा निवडता येईल असे रेडिओ मिळतात. जपानला जाणाऱ्याने घेण्याआधी ही सोय पाहावीच.

गैरसमज : मीडियम वेव्हवर स्टेशन शोधायचं बटण दाबलं की झालं.

वस्तुस्थिती : आशिया, युरोप आणि आफ्रिकेत मीडियम वेव्हची स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली आहेत, तर अमेरिका खंडांत १० च्या. आकाशवाणीचं पुणे केंद्र ७९२ वर, म्हणजे ९ च्या पटीत. न्यूयॉर्कचं डब्ल्यूएबीसी ७७० वर. अमेरिकेतून आणलेला रेडिओ १० च्या पायरीवरच राहिला, तर पुण्यात तो ७९० वर थांबतो आणि पुढची उडी थेट ८०० वर घेतो. ७९० वर पुणे ऐकू येतं, पण बाजूला सरकलेलं. आवाज चिरका होतो, ‘स’ आणि ‘श’ फाटतात, आणि ऐकणारा दोष देतो तो स्टेशनला किंवा स्पीकरला. खरं तर ९/१० ची निवड तेवढी बदलायची असते. कित्येक रेडिओंत ती एखादं बटण दाबून धरल्यावर बदलते, आणि कुठलं बटण ते माहितीपुस्तिकेतच सापडतं.

गैरसमज : डिजिटल रेडिओ घेतला की सगळ्या देशांचा प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : उलट इथे तर जगाची जास्तच फाटाफूट आहे. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंद केलं आणि त्या डीएबी प्लस या डिजिटल पद्धतीवर नेल्या. तिथे नुसता एफएम रेडिओ नेला तर त्यावर स्थानिक स्टेशनंच काय ती लागतात. अमेरिकेत एचडी रेडिओ ही वेगळीच पद्धत चालते. डिजिटल प्रसारण तिथे एफएमच्या त्याच जागेवर, मूळ प्रसारणाला खेटून जातं. आकाशवाणीने मीडियम वेव्हसाठी डीआरएम ही तिसरीच डिजिटल पद्धत स्वीकारली, पण ती ऐकायची सोय मुख्यतः नव्या मोटारींतल्या रेडिओत आहे. एका पद्धतीचा रेडिओ दुसऱ्या पद्धतीचं प्रसारण उलगडू शकत नाही. इतकंच काय, डीएबीच्या पहिल्या पिढीतले जुने ब्रिटिश रेडिओ डीएबी प्लसवरची स्टेशनंही ऐकवत नाहीत.

गैरसमज : या सगळ्या पद्धती एका रेडिओत बसवणं तंत्राला अजून जमलेलं नाही.

वस्तुस्थिती : जमलेलं आहे. एनएक्सपी या डच कंपनीने २०१७ मध्ये एएम, एफएम, डीएबी प्लस, डीआरएम आणि एचडी या सगळ्यांना पुरी पडणारी एकच चिप जाहीर केली. ती होती मोटारींसाठी. मोटारींचे कारखाने एकच मॉडेल अनेक देशांत विकतात, म्हणून त्यांना तो खर्च परवडतो. खिशातला रेडिओ बनवणारा मात्र एकेका प्रदेशाचा विचार करतो. ओस्लोतल्या गिऱ्हाइकासाठी एचडीचं परवाना शुल्क आणि शिकागोतल्या गिऱ्हाइकासाठी डीएबीचे सुटे भाग त्याने का सोसावेत? आदर्श प्रवासी रेडिओ अडला आहे तो या हिशेबापाशी.

गैरसमज : शॉर्ट वेव्ह संपलं.

वस्तुस्थिती : ते आटलं आहे, संपलेलं नाही. बीबीसीने हिंदीचं शॉर्ट वेव्ह प्रसारण जानेवारी २०२० मध्ये थांबवलं हे खरं. पण त्याच बीबीसीने मार्च २०२२ मध्ये, रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर, रोज चार तास शॉर्ट वेव्हवरून इंग्रजी बातम्या तिकडे पोचवायला सुरुवात केली. शॉर्ट वेव्हच्या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परततात, त्यामुळे हजारो किलोमीटरवरचं स्टेशन मधल्या कुठल्याही मनोऱ्याविना लागतं.

गैरसमज : एरियल पूर्ण ओढली की सगळंच स्वच्छ लागतं.

वस्तुस्थिती : एफएम आणि शॉर्ट वेव्हला बाहेरची एरियल लागते. मीडियम वेव्ह मात्र रेडिओच्या पोटातल्या फेराइटच्या कांडीवर पकडलं जातं, तिथे एरियल ओढून काही होत नाही. रेडिओ टेबलावर आडवा ठेवून सावकाश फिरवला की एका दिशेला आवाज भरतो आणि तिथून काटकोनात जवळजवळ बुडतो. हॉटेलच्या खोलीत खरखर आली तर मोबाइलचा चार्जर काढावा, रेडिओ सेलवर चालवावा आणि खिडकीपाशी न्यावा.

गैरसमज : मोबाइल असताना हे सगळं कशाला?

वस्तुस्थिती : इंटरनेटवरच्या रेडिओलाही हद्दी असतात. जपानच्या ‘राडिको’ ॲपवर फुकट ऐकताना ऐकणारा ज्या भागात आहे तिथलीच स्टेशनं मिळतात. आणि २८ एप्रिल २०२५ ला स्पेन-पोर्तुगालची वीज गेली, मोबाइलचं जाळं कोलमडलं, तेव्हा लोक सेलवर चालणाऱ्या रेडिओभोवती जमून बातम्या ऐकत होते.

म्हणून रेडिओ घेताना आधी प्रवासाचा मार्ग ठरवावा. एफएमचा रुंद पट्टा, ९/१० ची निवड, शॉर्ट वेव्ह आणि कुठेही मिळणारे सेल किंवा यूएसबी चार्जिंग, एवढं असलेला छोटा ॲनालॉग रेडिओ बहुतेक देशांत साथ देतो. नॉर्वेला जायचं असेल तर त्याच्या जोडीला डीएबी प्लसचा एखादा लहानसा रेडिओ तिथेच घ्यावा.