‘पॅटर’: पावसाचा वेगळा, प्रार्थनेचा वेगळा

इंग्रजीत पावसाचे थेंब छपरावर ‘पॅटर’ करतात, अनवाणी धावणाऱ्या लहानग्याच्या पावलांचं ‘पॅटर’ ऐकू येतं, आणि पत्ते पिसता पिसता जादूगार जी अखंड बडबड लावतो तिलाही ‘पॅटर’च म्हणतात. मूळ शब्द आवाजाचा, बोलण्याला तो नंतर चिकटला, असा सर्रास समज आहे. खरं तर हे दोन निराळे शब्द आहेत, आणि त्यातला बोलण्याचा शब्द सुमारे दोनशे वर्षांनी जुना आहे.

तो आला प्रार्थनेतून. मध्ययुगात इंग्लंडमधली उपासना लॅटिनमध्ये चाले. ‘पातेर नोस्तेर’, म्हणजे ‘आमच्या पित्या’, या शब्दांनी सुरू होणारी प्रार्थना लॅटिनचा गंध नसलेल्यांनाही तोंडपाठ असे. जपमाळेचे मणी सरकवत, ओठांतल्या ओठांत, भराभर ती म्हटली जाई. या पुटपुटण्यालाच १४०० च्या सुमारास ‘पॅटर’ म्हणू लागले. पुढे त्यातली प्रार्थना गळून पडली आणि भराभर बोलणं तेवढं उरलं. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवर खून-फाशीच्या बातम्यांची पत्रकं ओरडून विकणारे ‘पॅटरर’ होते. पत्रकार हेन्री मेह्यूने त्यांच्याबद्दल सविस्तर लिहून ठेवलं आहे. गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या ‘द पायरेट्स ऑफ पेन्झान्स’ (१८७९) या संगीतिकेतलं मेजर-जनरलचं दम लागेल इतकं वेगवान गाणं हे ‘पॅटर साँग’चं सर्वांत गाजलेलं उदाहरण.

पावसाच्या ‘पॅटर’ची जन्मकथा साधी आहे. ‘पॅट’ म्हणजे हलकी थाप. ती पुन्हा पुन्हा पडू लागली की ‘पॅटर’. सतराव्या शतकात हा शब्द दिसू लागतो. ‘फ्लिकर’, ‘फ्लटर’ याच घडणीचे.

मराठी वाचकाला आणखी एक मोह होतो: आपलं ‘पटपट’, आपलं ‘पुटपुटणं’ इंग्रजी ‘पॅटर’शी जोडलेलं असणार! तसं नातं नाही. हे ध्वनीवरून घडलेले शब्द आहेत, आणि असे शब्द दोन भाषांत स्वतंत्रपणे सारखे घडू शकतात.

नातं आहे ते दुसरीकडे. ‘पातेर’ आणि संस्कृत ‘पितृ’ एकाच प्राचीन मुळाचे. त्याच ‘पातेर’पासून ‘पात्रोनुस’, त्यावरून फ्रेंच ‘पात्राँ’, आणि तिथून इंग्रजी ‘पॅटर्न’. म्हणजे जादूगाराची बडबड, शिंप्याचा पॅटर्न आणि आपला पितृपक्ष एका गोतातले. पावसाचा ‘पॅटर’ मात्र त्या गोतात बसत नाही.