दर विचारण्याआधी माप विचारा : एका भिंतीचा अंदाज कसा काढायचा?

इयत्ता ६ वी व ७ वी | गणित | क्षेत्रफळ, घनफळ, शेकडेवारी, एकमान पद्धत



आपल्या धाराशिव जिल्ह्यात गावोगाव घरकुलाची कामं चालू असतात. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये सपाट भागासाठी मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये आणि घराचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट. एवढ्या पैशात घर उभं करायचं म्हणजे प्रत्येक पोत्याचा हिशोब लागतो. पण घरोघरी काय होतं? गवंडी एक आकडा सांगतो, दुकानदार दुसरा, आणि घरचे लोक "दर जरा कमी करा" एवढंच बोलतात. खरं तर भांडण दरावरून कमी आणि मापावरून जास्त होतं. म्हणून आज एकच भिंत घेऊ आणि तिचा अंदाज स्वतः काढू.

आपली भिंत

घरातली मधली भिंत. लांबी १२ फूट, उंची १० फूट. त्यात ३ फूट × ७ फूट दार.

पूर्ण भिंत : १२ × १० = १२० चौ. फूट
दार : ३ × ७ = २१ चौ. फूट
निव्वळ भिंत : १२० − २१ = ९९ चौ. फूट

हा ९९ आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर आहे. ही भिंत दोन प्रकारे करता येते. एक, नेहमीची ४ इंची विटांची. दुसरी, शहरात दुकानांत आणि ऑफिसांत दिसते ती जिप्सम बोर्डाची. आत पत्र्याच्या चॅनेलचा सांगाडा आणि दोन्ही बाजूंनी बोर्ड.

प्रकार १ : विटांची भिंत

विटा : वीट ९ × ४ × ३ इंच धरू. सांध्यातला माल धरून दर्शनी माप होतं ९.४ × ३.४ इंच, म्हणजे जवळजवळ ३२ चौरस इंच. एका चौरस फुटात १४४ चौरस इंच. १४४ ÷ ३२ = ४.५ विटा. ९९ × ४.५ = ४४६ विटा. तुटफुटीसाठी ५ टक्के वाढवल्या की ४७० विटा. तुमच्या गावच्या भट्टीची वीट लहान असली तर संख्या वाढते. म्हणून "हजारी काय भाव?" विचारण्याआधी वीट हातात घेऊन मोजा.

सिमेंट आणि वाळू : बांधकामाला साधारण ८ घनफूट कोरडा माल लागेल. दोन्ही बाजूंचं प्लास्टर ९९ × २ = १९८ चौ. फूट, जाडी अर्धा इंच. त्याला साधारण १३ घनफूट कोरडा माल. एकूण २१ घनफूट. एकास चार प्रमाण असेल तर पाच भागांतला एक भाग सिमेंट.

सिमेंट : २१ ÷ ५ = ४.२ घनफूट. एका पोत्यात (५० किलो) साधारण १.२ घनफूट. म्हणजे ३.५ पोती. अर्धं पोतं कुणी देत नाही, म्हणून ४.
वाळू : जवळजवळ १७ घनफूट. वाया जाणारी धरून २० घनफूट, म्हणजे ०.२ ब्रास.

इथे थांबा. वाळूचा ब्रास म्हणजे १०० घनफूट, पण प्लास्टरचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. शब्द एक, मापं दोन! ट्रॉली आतून १० × ६ फूट असेल तर वाळू २० इंच भरली तरच एक ब्रास होतो. दीड फूटच भरली तर १० × ६ × १.५ = ९० घनफूट. दर तोच राहिला आणि दहावा हिस्सा गेला. शिवाय ओलसर वाळू फुगते, तिचं घनफळ जास्त दिसतं. टेप घेऊन ट्रॉलीत चढायला लाजू नका.

मजुरी : साडेचारशे विटा एक चांगला गवंडी दिवसभरात लावेलही. पण ओली भिंत एका दिवसात ५ फुटांच्या वर चढवू नये. १० फूट उंचीला कमीत कमी २ दिवस हवेतच. प्लास्टरला आणखी २ दिवस. म्हणजे गवंडी ४ दिवस, बिगारी ४ दिवस.

पाणी : हे अंदाजात कुणी लिहीत नाही. बांधकामाला आणि प्लास्टरला निदान ७-७ दिवस पाणी मारावं लागतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये टँकर विकत घ्यावा लागला तर तो खर्च भिंतीचाच आहे, तो भिंतीच्या खात्यावर लिहा.

आता दर. (खालचे सगळे दर हिशोब शिकण्यासाठी धरलेले आहेत. तुम्ही आपल्या गावचे टाका.)

विटा ४७० × ८ रु. = ३,७६०
सिमेंट ४ × ३८० रु. = १,५२०
वाळू ०.२ × ७,००० रु. = १,४००
गवंडी ४ × ९०० रु. = ३,६००
बिगारी ४ × ६०० रु. = २,४००
पाणी = ५००
बेरीज = १३,१८०
अडीअडचणीला ५ टक्के = ६५९
एकूण = १३,८३९ रुपये

एका मधल्या भिंतीला अनुदानाचा दहावा हिस्सा लागतो बघा! रंग आणि दाराची चौकट अजून धरलीच नाही. त्या दोन्ही प्रकारांत लागतात, म्हणून तुलनेतून सोडल्या.

प्रकार २ : जिप्सम बोर्डाची भिंत

सांगाडा : उभे चॅनेल दर २ फुटांवर. १२ ÷ २ = ६. मग चॅनेल ६ का? नाही, ७! रस्त्याकडेची झाडं मोजण्याचं उदाहरण आठवा. अंतरं ६ असली की झाडं ७. दाराच्या दोन बाजूंना आणखी २. असे ९ चॅनेल, प्रत्येकी १० फूट, म्हणजे ९० फूट. खालचा आडवा चॅनेल दार सोडून ९ फूट, वरचा १२ फूट, दारावरचा ३ फूट. एकूण २४ फूट.

बोर्ड : ६ × ४ फुटांचा धरू, म्हणजे २४ चौ. फूट. दोन बाजूंना मिळून १९८ ÷ २४ = ८.२५. म्हणजे ९ बोर्ड. कागदावर आखून पाहिलं तर ९ मध्ये भागतं, पण दाराशेजारी तुकडेच तुकडे जोडावे लागतात आणि जोडात भेग पडते. म्हणून १ जादा, एकूण १०.

बोर्ड १० × ४५० रु. = ४,५००
उभे चॅनेल ९० × २० रु. = १,८००
आडवे चॅनेल २४ × १५ रु. = ३६०
स्क्रू, टेप, सांधे भरायची पावडर = १,२००
मजुरी ९९ × ३० रु. = २,९७०
वाहतूक व कारागिराचं येणं-जाणं = १,५००
बेरीज = १२,३३०
अडीअडचणीला ५ टक्के = ६१७
एकूण = १२,९४७ रुपये

म्हणजे बोर्डाची भिंत ८९२ रुपयांनी स्वस्त. ठरलं तर मग? थांबा!

खरी मेख कुठे आहे?

कारागीर म्हणाला, "फुटाला ३० रुपये." कुठला फूट? दार वजा करून ९९? दारासकट १२०? की दोन्ही बाजूंचा धरून १९८? दोन्ही बाजू मोजल्या तर मजुरी १९८ × ३० = ५,९४० रुपये. मग एकूण खर्च १६,०६५ रुपये होतो आणि विटांची भिंत २,२२६ रुपयांनी स्वस्त ठरते. दर एक रुपयानेही बदलला नाही, तरी उत्तर उलटं झालं!

विटांच्या कामातही तेच. काम गुत्त्याने दिलं तर गुत्तेदार दार वजा करतो का, प्लास्टर एका बाजूचं की दोन्ही, पाड कुणी बांधायचा, पाणी कुणी मारायचं, हे आधी वहीत लिहून घ्या. काम रोजाने असेल तर दिवस मोजा, गुत्त्याने असेल तर फूट मोजा.

पैशाच्या पलीकडचा हिशोब

आपली विटांची भिंत प्लास्टरसह २ टनांच्या पुढे भरते. बोर्डाची साधारण २ क्विंटल. आपल्या भागाला वजनाची गोष्ट नवी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी, सास्तूर परिसरात भूकंप झाला, तेव्हा मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरची जड माळवदं झोपेतल्या माणसांवर कोसळली. पुढे घरं दुरुस्त व मजबूत करण्याच्या कामात लातूर-उस्मानाबादच्या गावांत महिला 'संवाद सहायक' झाल्या. घरमालकांना साहित्य काय, काम कसं, पैसा कसा, हे त्या समजावून सांगत. म्हणजे हा हिशोब फक्त इंजिनिअरनेच करायचा असं काही नाही.

पण बोर्डाची भिंत सगळीकडे चालत नाही. ती छताचं वजन पेलत नाही, बाहेरच्या बाजूला घालत नाहीत आणि साध्या बोर्डाला ओल सोसत नाही. न्हाणीघर किंवा मोरीजवळ वीटच बरी. ज्या भिंतीवर छत टेकलंय ती काढायची असेल तर आधी अभियंत्याला विचारा.

उपक्रम

१. गावातली वीट मोजा आणि एका चौरस फुटाला किती विटा लागतात ते काढा.
२. आलेखाच्या कागदावर १२ × १० ची भिंत काढून दार कापा. ६ × ४ चे कागदी तुकडे चिकटवून किमान किती लागतात ते शोधा.
३. वाळूच्या एका ट्रॉलीची आतून लांबी, रुंदी, उंची मोजून ब्रास काढा.
४. आपल्या गावचे दर टाकून वरचे दोन्ही अंदाज पुन्हा करा. बोर्डाची मजुरी फुटाला किती असली (९९ फूट धरून) तर दोन्ही भिंतींचा खर्च सारखा होईल?

चौथं उदाहरण घरी आई-वडिलांसोबत बसून सोडवा. घराचं काम निघणार असेल तर ती वही सांभाळून ठेवा, कामाच्या दिवशी उपयोगी पडेल.