सहा लाख गोचिडींची लस

आफ्रिकेत दर 30 सेकंदांनी एक जनावर एकाच रोगाने दगावतं, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे दिवसाला 2,880 आणि वर्षाला 10 लाखांच्या वर. रोगाचं नाव ईस्ट कोस्ट फीव्हर. केनिया, टांझानिया, युगांडापासून मलावी, झांबियापर्यंत 11 देशांत त्याचा वावर आहे आणि त्याने होणारं नुकसान वर्षाला 30 कोटी डॉलर इतकं आहे. ज्या मसाई कुटुंबाची सगळी मालमत्ता गुरांच्या रूपात असते, त्याच्या गोठ्यातली वासरं एका पावसाळ्यात संपू शकतात.

रोग पसरवते ती जनावराच्या कानात चिकटणारी तपकिरी गोचीड. आपल्याकडच्या संकरित गाईंना होणारा गोचीड ताप याच कुळातला. तिथला परजीवी थायलेरिया पार्वा, इथला थायलेरिया ॲन्युलाटा. रक्त पिताना गोचीड लाळेतून हा परजीवी सोडते. तो पांढऱ्या पेशीत शिरतो, पण तिला मारत नाही. तिला सतत दुभंगत राहायला लावतो, आणि पेशी दुभंगली की स्वतःही दुभंगून दोन्हीकडे राहतो. बाधित पेशी दर तीन दिवसांनी दसपट होतात. एकीच्या सहा दिवसांत 100, बारा दिवसांत 10 हजार, अठरा दिवसांत 10 लाख. तीन-चार आठवड्यांत फुप्फुसात पाणी साचतं आणि जनावर गुदमरून मरतं.

यावर लस आहे. केनियातल्या मुगुगा इथे 1970च्या दशकात आंतरराष्ट्रीय मदतीवर चाललेल्या संशोधनातून ती निघाली. एकदा टोचली की जनावराला आयुष्यभर संरक्षण मिळतं. पण ती बनवायची कशी, ते पाहा. आजारी वासरांवर गोचिडी पोसायच्या, त्यांनी कात टाकली की सशांच्या कानांवर पुन्हा पोसायच्या, लाळग्रंथीत परजीवी तयार झाला की त्या वाटून अर्क काढायचा आणि उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायचा. दहा लाखांच्या आसपास मात्रांच्या एका खेपेला लागतात 130 गाईगुरं, 500 ससे, 6 लाख गोचिडी आणि 18 महिने. अर्कात परजीवी जिवंतच असतो, म्हणून लसीबरोबर प्रतिजैविकही टोचावं लागतं. शेवटच्या खेड्यापर्यंत नायट्रोजनचं भांडं वाहून न्यावं लागतं ते वेगळंच. साहजिकच लस महाग पडते आणि पुरतही नाही.

गोचिडींवाचून लस करायची, तर परजीवीचा नेमका कोणता भाग गाईची प्रतिकारशक्ती ओळखते हे कळलं पाहिजे. 2005 मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ आणि नैरोबीची आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्था यांनी या परजीवीचा जनुकसंच वाचून प्रसिद्ध केला. सुमारे 83 लाख अक्षरं, सुमारे 4,000 जनुकं. गाईचा जनुकसंच याच्या तीनशे पटींहून मोठा, तरी एवढासा जीव तिला महिन्याभरात लोळवतो. त्या 4,000 जनुकांतून लशीला उपयोगी पडतील अशी मोजकी निवडणं, हे आता प्रयोगशाळेचं काम आहे.

आता पैशांचं गणित. 2014 मध्ये या नव्या लशीच्या संशोधनासाठी गेट्स फाउंडेशनने 1 कोटी 10 लाख डॉलर दिले. ऐकताना रक्कम मोठी वाटते. वर्षाच्या 30 कोटींच्या नुकसानीशी ताडून पाहिली, तर ती जेमतेम दोन आठवड्यांच्या तोट्याएवढी भरते. त्या दोन आठवड्यांत चाळीस हजारांच्या आसपास गुरं मरतात.

परदेशी मदतीचा खरा हिशेब मात्र रकमेच्याही पुढे जातो. गोचिडींपासूनच्या जुन्या लशीचं उत्पादन आज मलावीतल्या लिलाँग्वेच्या केंद्रात होतं. कॅनडाच्या पैशातून नैरोबीत जी जैवविज्ञान प्रयोगशाळा उभी राहिली, तिथे आफ्रिकेतल्या देशोदेशींचे तरुण संशोधक येऊन आपापल्या पिकांवर आणि जनावरांवर काम करतात. लशीची कुपी परदेशातून पाठवता येते, पण कुपी बनवणारे हात जिथे रोग आहे तिथेच तयार व्हावे लागतात. त्याला वेळ लागतो. मुगुगातल्या कामापासून जनुकसंच हाती येईपर्यंत तीसेक वर्षं गेली, आणि तीन वर्षांनी आटणाऱ्या अनुदानावर तीस वर्षांचं संशोधन उभं राहत नाही.

आफ्रिकी देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाचा 1 टक्का संशोधनाला द्यायचा असं एकत्र बसून ठरवलं. बहुतेक देश तिथवर पोहोचलेले नाहीत. देणाऱ्यांनी मुदत वाढवावी, घेणाऱ्यांनी आपला वाटा घालावा. संशोधनाला पैसा देणं परवडेल का, असा प्रश्न अर्थसंकल्पाच्या वेळी हमखास निघतो. न देण्याची किंमत वर्षाला 30 कोटी डॉलर आहे, आणि आज ती पशुपालक एकटे भरत आहेत.